बेटावरचं पाणी

मंदाचा फोन आला तेव्हा मी आईशी भांडत होते. भांडणाचा विषय जुनाच. शिरगावच्या आमच्या इमारतीत चोवीस तास पाणी येतं, गच्चीवर भलीमोठी टाकी आहे, तरी आई रोज पहाटे उठून स्वयंपाकघरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवते. हंडा, कळशी, बादल्या, कुकरचे डबेसुद्धा. चहाला पातेलं शोधावं तर त्यातही पाणी. "अगं, कोण पळवून नेणार आहे पाणी?" असं विचारलं की ती म्हणते, "पाण्यालाच विचारून ठेव, उद्या येणार आहेस का म्हणून." आता हिच्याशी काय बोलणार?

मंदा फोनवर म्हणाली, "बेटावरची क्वार्टर्स पाडायला घेतलीत गं. बघायचं असेल तर आजच ये."

मी आईला सांगितलं. तिनं हातातली कळशी कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाली, "खिळा आहे का बघून ये."

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. बदलापूरला मांजर्लीच्या पुढे नदी आणि एक ओढा यांच्या बेचक्यात पाण्याचं पंपहाउस होतं. त्याच्या मागे उंच जोत्यावर दगडी क्वार्टर्स. उन्हाळ्या-हिवाळ्यात ते साधं माळरान. ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, ओलांडली की आलं. पावसाळ्यात मात्र फरशी पाण्याखाली जायची आणि आम्ही चहूकडून पाण्यात. पंपावरची माणसं कामाला निघताना "बेटावर चाललो" असंच म्हणायची. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा बदलापूरच उल्हासनगरवाल्यांना जगाचं टोक वाटायचं, आणि हे तर त्या टोकाच्याही पुढे.

मंदा आणि मी गेलो तेव्हा क्वार्टर्सची दारं-खिडक्या काढून नेलेल्या होत्या. जोत्यावर घाणेरी माजली होती. पण आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. ग्रीस, ओली दोरी, शेवाळलेला दगड. इतकी वर्षं तो वास तिथे काय करत होता कोण जाणे. मंदा म्हणाली, "तुझ्या बाबांच्या शर्टाचा वास गं हा." खरंच होतं ते. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. मला एकदम बाबा आठवले, आणि त्यांचा तो आवाज.

बाबा मुंबईच्या गिरणीत माग चालवायचे. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान खाल्ले होते, त्यामुळे ते कानगोष्टसुद्धा ओरडून सांगत. गिरणी बंद झाली. मधले दिवस कसे गेले ते मोठ्यांनाच ठाऊक, मला आठवतं ते एवढंच, की एके संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आले आणि सगळ्या कॅम्पाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंप ऑपरेटर! क्वार्टरसकट!"

उल्हासनगरच्या कॅम्पात आमची एक खोली होती. समोर दादी राहायची, फाळणीत आलेली सिंधी म्हातारी. पापड लाटून विकणारी. तिच्या दारात जाणाऱ्याला आधी पापड आणि पाण्याचा पेला मिळायचा, मग "कैसी है" वगैरे. आमच्या ओळीतली घरं बहुतेक बौद्धांची, पलीकडची ओळ सिंध्यांची, आणि मध्ये एकच नळ. पहाटे त्याला धार आली की हंड्यांचा एकच गलका उठायचा. आईचं निम्मं आयुष्य त्या नळाच्या रांगेत गेलं होतं. तिथेच तिच्या मैत्रिणी, तिथेच तिची भांडणं.

निघताना आई रडली. नदीला दर्या म्हणणारी दादी तिच्या हातात पापडांचा डबा देऊन म्हणाली, "रोती क्यों है? दर्या के पास जा रही है, अच्छी बात है. और सुन, पेटी खोल लेना. हम यहाँ आए थे ना, साल भर मैंने पेटी नहीं खोली. सोचती थी, वापस जाएँगे. पेटी बंद रहे तो घर भी प्लेटफार्म लगता है."

आईनं मान डोलावली आणि अगदी उलट वागली. बेटावरच्या खोलीत तिनं चूल मांडली, दोरी बांधली, भांडी लावली. पण हिरवी पत्र्याची ट्रंक दाराशी विटांवर ठेवली ती ठेवलीच. त्या ट्रंकेत तिच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेली बुद्धाची तसबीर होती. आमच्यात नव्या घरात आधी तसबीर भिंतीला लागते. शेजारपाजार बोलवायचा, मेणबत्त्या लावायच्या, वंदना म्हणायची, खीर वाटायची. मग ते घर.

"एक पावसाळा बघीन," आई पहिल्याच संध्याकाळी बाबांना म्हणाली. "नाही पटलं तर पोरीला घेऊन परत कॅम्पात. तुम्ही या रविवारी भेटायला."

"एक पावसाळा?" बाबा ओरडले. "बरं! एक पावसाळा!"

झालं. बेटावर सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधली भोईरकाकी दारात येऊन म्हणाली, "पावसाल्यापुरतीच आलीस म्हनं." काकी मूळची तिथलीच, आगरी. तिचा नवराही पंपावर. घरात म्हैस, बोंबलाचा वास, तांदळाच्या भाकऱ्या, आणि माझ्या वयाची मंदा. मंदाची आणि माझी तासाभरात गट्टी जमली. आईला मात्र जमायला वेळ लागला, त्याची कारणं मला तेव्हा समजत नव्हती.

पंपाची घरघर दिवसभर जमिनीतून पायात यायची. ताटातलं वरण थरथरायचं. बाबा नव्या नवऱ्यासारखे खूश होते. मला पंपहाउसात नेऊन दाखवायचे, "हे बघ! पंप नुसता चालू नाही करायचा! आधी त्याला पाणी पाजायचं! रिकाम्या पोटी तो पाणी ओढत नाही!" मग वरच्या नरसाळ्यातून पाणी ओतायचे, हवा फुसफुसत बाहेर यायची, आणि मग बटण. खालून नदी वर चढल्याचा आवाज यायचा. हे पाणी पलीकडच्या टेकाडावर जाऊन गाळलं जायचं आणि तिथून अंबरनाथवरून थेट उल्हासनगरला. एक बारीक नळ क्वार्टर्सकडे परत यायचा, आमच्यासाठी.

हे कळल्यावर आई चकित झाली. "म्हणजे कॅम्पातल्या नळाला येतं ते हेच पाणी?" मग रोज पहाटे पंपाचा सूर चढला की ती हात जोडल्यासारखी उभी राहायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "दादीकडे आलं असेल आता." आणि एवढं बोलून स्वतः भांडी भरायला बसायची. नळ दिवसभर चालू असायचा, तरी. हंड्यावर हंडा, कळशीवर कळशी, वर फडकं.

काकी पदराआड हसायची. "नदी उशाला हाय आन् तू हंडं कशाला भरतंस गो?"

"सवय आहे," आई म्हणायची. "बसा ना काकी, पाणी घ्या."

"आत्ताच पिऊन आलू."

काकी नेहमी आत्ताच पिऊन आलेली असायची. ऊन मी म्हणत असलं, गवताचा भारा डोक्यावरून उतरवला असला, तरी. बोलायची भरपूर. आईला रानभाज्या दाखवायची, सरपण कुठलं घ्यावं ते सांगायची, माझ्या केसांतल्या उवा स्वतः काढायची. पण पाणी नाही. आणि मंदा आमच्याकडे घटाघटा पाणी प्यायची आणि घरी जाताना झग्याच्या टोकानं ओठ कोरडे करायची. अगदी घासून. मला ती तिची स्वच्छतेची तऱ्हा वाटायची. मीही तसे ओठ पुसायला लागले तर आईनं माझ्या हातावर चापट मारली आणि मला कारण सांगितलं नाही.

बाबांना मात्र सांगितलं. मी भाकरी खात होते, ते ऐकलं. "नदीची मला भीती नाही," आई म्हणाली. "तसबीर लावायची म्हणजे वंदना आली. वंदना आली म्हणजे खीर आली. खीर कुणाला वाढू? पंपाला?"

बाबांनी तोंड उघडलं, मग भिंतीकडे बघून मिटलं. हळू बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते बोललेच नाहीत. त्या दिवशी मला बाबांची फार कीव आली.

पावसाळा लागला आणि फरशी बुडाली. आता बेट खरंखुरं बेट झालं. ओढ्यावर आरपार दोर बांधलेला होता, त्याला ट्रकच्या चाकाची ट्यूब. पलीकडून ट्यूबमध्ये घातलेल्या पाटीतून रॉकेल, बटाटे, कांदे ओढून घ्यायचे. कामाची पाळी बदलायची तीही ट्यूबवर. डोक्यावर डबा, काखेत चपला. माझी शाळा आपोआप बंद. मंदा आणि मी जोत्यावर बसून वाहत येणाऱ्या वस्तू मोजायचो: नारळ, चप्पल, कुणाचं तरी सूप, एकदा अख्खी खाट. वारा अंबरनाथकडून आला की कारखान्यांचा आंबूस वास यायचा आणि आईच्या चेहऱ्यावर गाव दिसल्याचा आनंद. "घराकडचा वास," ती म्हणायची. मला आता हसू येतं. केमिकलच्या वासानं माहेर आठवणारी बाई जगात दुसरी नसेल.

आणि मग त्या वर्षीचा पूर आला.

सकाळी नदी तांबडी होती. दुपारी ती पंपहाउसाच्या पायऱ्यांवर होती. बाबा आणि भोईरकाकांनी साखळीच्या पुलीनं मोटारी वर टांगल्या. पंप थांबला. इतके महिने पायात असलेली घरघर गेली आणि सगळेच एकमेकांकडे बघू लागले. पाणी जोत्याच्या वरच्या पायरीशी येऊन थांबलं. दोर तुटला, ट्यूब वाहून गेली. घरात आम्ही कोरडे होतो, तांदूळ होते, रॉकेल होतं. पण नळ सुकला, आणि काकी ज्या खालच्या विहिरीचं पाणी प्यायची ती कुठे होती ते ओळखू येईना. जिकडे बघावं तिकडे पाणी. त्यात मेलेली कोंबडी, ऑइलचा तवंग. तोंडात घेण्याजोगा थेंब नाही. त्यातून नेमका पाऊसही थांबला होता. बाबा म्हणाले, "धरण उशाला आणि कोरड घशाला!" कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी दारात आली. मागे मंदा. काकीच्या हातात तांब्या होता, पदराखाली धरलेला.

"मंदाला पानी दे गो."

"मंदाला देते," आई म्हणाली. "तिला सवय आहे."

 आईनं फडकं बाजूला केलं. भरलेल्या हंड्यांची ती उतरंड त्या दिवशी मला कुठल्याही दागिन्यापेक्षा देखणी दिसली. काकीनं तांब्या पुढे केला.

"भरून देते. पण आधी बसा," आई म्हणाली. "दारात आलेल्या माणसाला मी उभ्यानं पाणी देत नाही."

काकी बसली. आईनं स्टोव्ह पेटवला, दादीच्या डब्यातला पापड काढून भाजला. खोलीभर कॅम्प दरवळला. एका ताटलीत पापड, आणि पितळेचा पेला काठोकाठ. काकीनं पेला घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली जाताना हलणारा तो गळा मला अजून दिसतो. शेजारी मंदानंही पाणी संपवलं आणि सवयीनं झगा उचलून ओठ घासून पुसले. आपली आई समोर बसलीय हे तिच्या ध्यानातच नाही. काकीनं ते पाहिलं. पेला तसाच हातात धरून ती बराच वेळ नदीकडे बघत राहिली.

पुढचे दिवस आईच्या हंड्यांवर सगळं बेट जगलं. पंपावर अडकलेले दोन मदतनीससुद्धा. आई मापानं द्यायची आणि हात धुतल्याशिवाय हंड्याला शिवू द्यायची नाही. "हंडा माझा आहे," ती ठणकावून सांगायची. बाबा खूश झाले. "बघ! सगळे आले की नाही!" पण आई पाघळली नाही.

"तहान लागल्यावर सगळेच पितात," ती म्हणाली. "तहान नसताना कोण पितं ते बघायचं."

पाणी उतरलं. सगळीकडे गुडघाभर गाळ, आणि त्या गाळाला चिंचेसारखा वास. फरशी उघडी पडली त्याच दिवशी पलीकडून हाक आली, "ताई! जयभीम, भाऊजी!" पुराची बातमी ऐकून मामा धावत आला होता. दादीच्या मुलाचा टेम्पो घेऊन. चिखल तुडवत घरात आला आणि आईला जिवंत बघून रडलाच. मग डोळे पुसून कामाला लागला.

"बस झालं, ताई. बघितलास ना एक पावसाळा? दादी रोज विचारते. तुझी खोली तशीच आहे. हे सामान नंतर नेऊ, ट्रंक आत्ताच घेऊ."

 बाबा दारात पाठमोरे उभे होते. पंप आदल्या दिवशीच सुरू झाला होता, ताटल्या पुन्हा थरथरत होत्या. मी मंदाला सांगायला जावं की नाही ते मला कळेना. गेले असते तर रडले असते. मामानं ट्रंकेच्या एका कडीत हात घातला.

तेवढ्यात काकी आली. कमरेवर स्वतःचा हंडा, नळावरून नुकताच भरलेला, हिंदकळणारा. तिनं टेम्पो पाहिला, मामाला पाहिलं. हंडा उंबऱ्याशी ठेवला, आत आली आणि थेट ट्रंकेवर बसली. मामाला हात काढून घ्यावा लागला.

"पानी दे गो," काकी म्हणाली.

मामा गोंधळला. "अहो मावशी, तुमचा हंडा भरलेला आहे की."

"हाय ना. तो माजा. मना हिच्यातलं पायजे."

आईनं पेला भरला. या वेळी पापड नव्हता, डबा संपला होता. काकी सावकाश पाणी प्यायली, एका हातानं पदर सावरत, जणू तिला दुसरं काही कामच नव्हतं. पेला खाली ठेवला. ओठ पुसले नाहीत.

"कवा जातंस?" तिनं विचारलं.

"कुठं?" आई म्हणाली.

मामा काही बोलणार होता. आईनं त्याला सांगितलं, "तू आलायस तर जेवून जा. आणि दादीला सांग, डबा रिकामा झालाय." मग बाबांच्या पाठीकडे बघून मोठ्यानं, म्हणजे त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणाली, "खिळा आहे का हो घरात?"

घरातला एकही खिळा त्या दगडी भिंतीत शिरेना. सगळे वाकले. शेवटी बाबांनी पंपहाउसातून एक जुना बोल्ट आणला, अंगठ्याएवढा जाड, जुन्या पंपाच्या पायातला. घणानं ठोकून ठोकून बसवला. आईनं ट्रंक उघडली. पांढऱ्या साडीच्या घडीतून डांबरगोळ्यांचा वास आला, आणि तसबीर भिंतीवर गेली. मेणबत्त्यांच्या वाती पावसाळी हवेनं सादळल्या होत्या, पेटायला कुरकुरत होत्या. मामानं खड्या आवाजात वंदना म्हटली. खिरीला दूध काकीच्या म्हशीचं. काकी शेवटपर्यंत बसली, मंदानं तीनदा खीर घेतली. भोईरकाका मात्र "ड्यूटी आहे" म्हणून आले नाहीत. त्यांनी आमच्याकडची खीर पुढच्या वर्षी खाल्ली. सगळं एका दिवसात होत नाही, आणि आईनंही तशी घाई केली नाही.

त्यानंतर आम्ही त्या बेटावर अकरा पावसाळे काढले. बाबा तिथूनच निवृत्त झाले. माझी शाळा, मंदाचं लग्न, माझी बेलवलीतली पहिली शिकवणी, सगळं त्या फरशीवरून ये-जा करत झालं. बाबा गेल्यावर मात्र मला काही काळ कुठल्याही मोटारीची घरघर सहन व्हायची नाही. आता होते.

बोल्ट तिथेच होता. भिंतीचा चुना पडला होता, पण तो तसाच, गंजून तांबडा झालेला. मंदानं दगडानं ठोकून पाहिला, मी हिसके दिले. हलला नाही. बाहेर कामगार जेवणाची सुट्टी संपवून उठत होते. "राहू दे," मंदा म्हणाली. "पाडणाऱ्यांनाच निघू दे घाम."

मंदा मला सोडायला शिरगावपर्यंत आली. आई दारातच उभी होती.

"आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "निघाला नाही."

"तुझ्या बाबांनी ठोकलेला," आई म्हणाली आणि आत वळली. मंदाला तिनं बस म्हटलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. आधी कळशीवरचं झाकण काढल्याचा आवाज आला. मग पेला. पितळेचाच, काठोकाठ.

मंदा घटाघटा प्यायली. पेला खाली ठेवला, आणि ओठ तसेच ओले ठेवून आईला क्वार्टर्सबद्दल सांगत बसली.